पहारेकऱ्याच्या हातातला जोकर

दिवाळीच्या चार दिवसांत मध्यमवर्गीय घराचे दार सहसा बंद नसते. फराळाची ताटे या घरातून त्या घरात जात असतात, मुले आत-बाहेर करीत असतात, आणि कोण आले नि कोण गेले याचा हिशेब ठेवायला घरच्या कर्त्या बाईलाही फुरसत नसते. परंतु याच घरात, टीव्हीच्या मागे किंवा दारावरच्या फळीवर, एक वीतभर लांबीची पेटी हिरवे दिवे मिचकावीत बसलेली असते. तिच्या दारावरही रात्रंदिवस कोणी ना कोणी येतच असते, आणि दिवाळी असो वा शिमगा, तिने मात्र प्रत्येक आगंतुकाला "कोण? कुठून आलात? कोणाकडे जायचे?" असे विचारावे, अशी आपली अपेक्षा असते.

या पेटीचे नाव राउटर. आपल्या घरातला राउटर हा त्या कुळातला अगदी धाकटा. त्याची थोरली भावंडे बँकांत, इस्पितळांत, रेल्वेच्या आरक्षण-कार्यालयांत आणि वीजकेंद्रांत बसलेली असतात. त्यांची कामे दोन. एक वाटाड्याचे, म्हणजे आलेला निरोप योग्य वाटेला लावण्याचे. आणि दुसरे पहारेकऱ्याचे. या दुसऱ्या कामासाठी त्यांच्या हातात एक यादी दिलेली असते. कोणाला सोडायचे आणि कोणाला अडवायचे, ते त्या यादीत लिहिलेले असते. हिला म्हणतात ॲक्सेस लिस्ट.

"असल्या रूक्ष यंत्राशी आमचा काय हो संबंध?" असे एखादी गृहिणी विचारील. संबंध असा, की सासऱ्यांचे पेन्शन, विजेचे बिल, मुलीचा परीक्षेचा निकाल आणि रक्ततपासणीचा अहवाल या साऱ्या गोष्टी आता याच पहारेकऱ्यांच्या हाताखालून जातात. त्यांची यादी लिहिणाऱ्याने एक आकडा चुकीचा लिहिला, तर कुलूप शाबूत असूनही दार उघडे राहते. आणि गंमत अशी, की ही यादी वाचायला फार मोठी विद्या लागत नाही. जुन्या आण्यांचा हिशेब आणि रमीचा डाव एवढे ज्याला ठाऊक आहे, त्याला ती सहज समजेल.

पाकीट आणि पत्ता

इंटरनेटवरून जाणारा कोणताही मजकूर अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा प्रवास करतो. इंग्रजीत या तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपल्याकडे त्याला पाकीट हा शब्द तयारच आहे. टपालाच्या पाकिटाप्रमाणे यावरही पाठवणाराचा आणि घेणाराचा असे दोन पत्ते असतात. मात्र पत्त्यात गल्ली, पेठ, मारुतीसमोर असले काही नसते. चार आकडे आणि त्यांच्यामध्ये टिंबे, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१००, एवढाच पत्ता. चारांपैकी कोणताही आकडा शून्यापेक्षा कमी नाही आणि २५५ पेक्षा जास्त नाही.

हे पत्ते कसे लिहावेत याचा नियम सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने तो अंगीकारला. या रीतीने एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. त्या काळी ही संख्या अमाप वाटली असल्यास नवल नाही. पण ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती कोठारातील शेवटचे गठ्ठेसुद्धा वाटून संपले. त्याच्या पुष्कळ आधी, १९९६ साली, काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवण्याचा नियम पक्का झाला होता. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे त्यांपैकीच. म्हणूनच ते लक्षावधी घरांत एकसारखे सापडतात. प्रत्येक चाळीत 'तळमजला, खोली नंबर १' असतेच ना, तसेच हे.

आता टपालखात्याकडे वळू. आपला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची योजना केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. हे केंद्र सरकारच्या सेवेतील अधिकारी तर होतेच, पण त्याहून अधिक म्हणजे संस्कृतचे पंडित आणि कवी होते. त्यांच्या योजनेची खुबी पाहा. ४११ ने सुरू होणारे पत्र पुण्याचे, ४०३ ने सुरू होणारे गोव्याचे. नागपुरात टपाल वेगळे करणाऱ्या माणसाला पुण्याच्या पेठा ठाऊक असण्याचे कारण नाही. तो पहिले तीन आकडे पाहतो. पुढचे तीन काहीही असोत, पत्र पुण्याच्या थैलीत टाकतो.

"इतके आकडे पाहा, उरलेले काहीही असोत." पहारेकऱ्याच्या यादीतील सारे मर्म या एका वाक्यात आहे. (आणखी एक योगायोग: भारतात सामान्य नागरिकांसाठी इंटरनेटचे दार उघडले तेही १५ ऑगस्टलाच, १९९५ साली, विदेश संचार निगमाने.)

अधेली, पावली, चवली, आणा

मात्र राउटरला आपले आकडे वाचता येत नाहीत. त्याला दोनच चिन्हे कळतात, शून्य आणि एक. १९२ किंवा १०० ही संख्या तो आठ घरांत मांडून घेतो. या घरांच्या किमती अशा: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १.

हे परके वाटण्याचे कारण नाही. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, त्यापूर्वी आपला सारा बाजार याच गणितावर चालत होता. आणा म्हणजे १, चवली म्हणजे २ आणे, पावली ४ आणे, अधेली ८ आणे, आणि रुपयाचे आणे १६. खिशात अधेली, पावली, चवली आणि आणा यांचे एकेकच नाणे असले, तरी एका आण्यापासून पंधरा आण्यांपर्यंत कोणतीही रक्कम मोड न मागता देता येई. तेरा आणे द्यायचे? अधेली, पावली आणि आणा काढा. चवली खिशातच राहू द्या. काढलेल्या नाण्यापुढे १ आणि ठेवलेल्यापुढे ० लिहिले, की झाले ११०१. यंत्राची द्विमान पद्धती ती हीच.

चार घरे आण्यांची झाली. वरची चार रुपयांची समजा, म्हणजे एक, दोन, चार आणि आठ रुपयांची. त्यांचे आणे अनुक्रमे १६, ३२, ६४ आणि १२८. मग १९२ म्हणजे बारा रुपये: आठांची एक नोट आणि चारांची एक. १६८ म्हणजे साडेदहा रुपये: आठ, दोन आणि एक अधेली. आठही घरे भरली तर होतात पंधरा रुपये पंधरा आणे, म्हणजेच २५५. पत्त्यातला आकडा २५५ च्या वर का जात नाही, हे आता सांगावयास नकोच. अशा आठ-आठ घरांचे चार आकडे मिळून पत्त्याची एकंदर ३२ घरे होतात.

जोकर म्हणजे काय?

रमी खेळणाराला जोकर माहीत असतो. त्या पानावर काय छापले आहे ते कोणी पाहत नाही. ते कोणत्याही पानाच्या जागी चालते. इंग्रजीत असल्या पानाला वाइल्डकार्ड म्हणतात, आणि पहारेकऱ्याच्या यादीत पत्त्याच्या शेजारी जो दुसरा चौकडा लिहिलेला असतो, त्याचे नाव आहे वाइल्डकार्ड मास्क. १९८४ साली लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने कॅलिफोर्नियात सिस्को ही कंपनी काढली. तिच्या राउटरांमुळे ही लेखनपद्धती जगभर पसरली.

त्याचा नियम दोन ओळींत सांगता येतो. मास्कमध्ये ज्या घरात ० आहे, त्या घरी पत्ता तंतोतंत जुळला पाहिजे. ज्या घरात १ आहे, तिथे जोकर. पत्त्यात काहीही असले तरी चालेल.

समजा, यादीत लिहिले आहे: परमिट १९२.१६८.१.० ०.०.०.२५५. परमिट म्हणजे आत सोड. मास्कचे पहिले तीन आकडे शून्य आहेत, म्हणून पत्त्याचे पहिले तीन आकडे बरोबर १९२, १६८ आणि १ असले पाहिजेत. चौथा २५५ आहे, म्हणजे त्याच्या आठही घरांत जोकर. शेवटचा आकडा ० पासून २५५ पर्यंत कोणताही चालेल. २५६ पत्त्यांची अख्खी चाळ एका ओळीत आत आली. हीच ती '४११ पाहा, पुढचे सोडून द्या' अशी टपालाची युक्ती.

मास्क जर ०.०.०.० असेल, तर जोकर एकही नाही. केवळ त्या एका पत्त्यालाच प्रवेश. आणि २५५.२५५.२५५.२५५ असेल, तर सगळेच जोकर, कोणीही यावे.

टपालवाल्यापेक्षा या पहारेकऱ्याची हुशारी एका बाबतीत जास्त आहे. जोकर शेवटीच असले पाहिजेत असे त्याला बंधन नाही. ते मध्येच, एक आड एक, कसेही ठेवता येतात. चौथा आकडा २५४ ठेवला, तर फक्त शेवटचे एक आण्याचे घर तपासले जाते. त्या घरात ० असेल तर संख्या सम, १ असेल तर विषम. रस्त्याच्या एका बाजूची सम क्रमांकाची घरे तेवढी निवडावीत, तसा हा प्रकार.

अनुष्टुभातही हाच हिशेब

शाळेत ज्यांनी 'यमाताराजभानसलगा' घोकले आहे, त्यांना तर हे सारे ओळखीचे वाटेल. लघु आणि गुरु ही दोनच चिन्हे. तीन अक्षरांत त्यांच्या आठ तऱ्हा होतात, म्हणून गण आठ. पिंगलाच्या छंदःशास्त्रात या मांडणीचा विचार फार पूर्वीच झालेला आहे.

अनुष्टुभ छंद घ्या. चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरे, एकूण बत्तीस. इंटरनेटचा पत्ताही चार आकड्यांचा, प्रत्येकी आठ घरांचा, एकूण बत्तीस! हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून आमच्या पूर्वजांनी इंटरनेट शोधून काढले होते असला निष्कर्ष कोणी काढू नये. पण उदाहरणासाठी याहून चांगली गोष्ट मिळणे कठीण. अनुष्टुभाचा सर्वसाधारण नियम असा: प्रत्येक चरणात पाचवे अक्षर लघु, सहावे गुरु, आणि सातवे पहिल्या-तिसऱ्या चरणात गुरु तर दुसऱ्या-चौथ्यात लघु. उरलेली अक्षरे कशीही असोत.

उरलेली कशीही असोत, म्हणजेच जोकर! प्रत्येक चरणातील पाच घरी जोकर आणि तीन घरी तपासणी. लघूला ० आणि गुरूला १ धरून ज्याला हिशेब करायचा असेल त्याने करून पाहावा. पत्ता येईल ६.४.६.४ आणि मास्क येईल २४१.२४१.२४१.२४१. श्लोक रचणारा कवी बारा घरांत बांधलेला आणि वीस घरांत मोकळा असतो. उलट मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयात वृत्तात आहेत, तिथे प्रत्येक अक्षर ठरलेले. एकही जोकर नाही. आणि ओवीला लघु-गुरूचे बंधनच नाही. तिथे सगळेच जोकर.

यादीची शिस्त

यादी वाचण्याचे पहारेकऱ्याचे काही नियम आहेत. तो वरून खाली एकेक ओळ वाचतो. पहिली जी ओळ लागू पडेल, तीनुसार वागतो आणि पुढचे वाचीतच नाही. त्यामुळे ओळींचा क्रम फार महत्त्वाचा. 'अमक्याला अडव' ही ओळ खाली आणि 'सर्वांना सोड' ही वर असेल, तर अमका मजेत आत येईल, आणि खालची ओळ यादीत असून नसल्यासारखी होईल.

दुसरा नियम लिहिलेला दिसत नाही, पण असतो. यादी संपली आणि एकही ओळ लागू पडली नाही, तर आलेल्याला परत पाठवायचे. प्रत्येक यादीच्या तळाशी जणू अदृश्य शाईने 'बाकी सर्वांना मज्जाव' असे लिहिलेलेच असते. ज्याचे नाव यादीत नाही, त्याला मांडवात जागा नाही. हा नियम कठोर वाटला, तरी शहाणपणाचा आहे. विसरलेल्या माणसाला नंतर बोलावता येते, घुसलेल्या चोराला मात्र आधी शोधावे लागते.

चार आत, चार बाहेर

आता चूक कशी होते ते पाहू. समजा, एका इस्पितळात डॉक्टरांच्या टेबलांवरील सोळा संगणकांना १९२.१६८.१.१०० पासून १९२.१६८.१.११५ पर्यंतचे पत्ते दिले आहेत, आणि रुग्णांची कागदपत्रे केवळ या सोळांनाच पाहता यावीत अशी इच्छा आहे. यादी लिहिणारा घाईत विचार करतो, "सोळा संगणक, म्हणजे शेवटच्या चार घरांत जोकर, आठ, चार, दोन, एक, मिळून पंधरा." आणि तो लिहून टाकतो: परमिट १९२.१६८.१.१०० ०.०.०.१५.

दिसायला हिशेब चोख आहे. पण आण्यांत मोजून पाहा. १०० म्हणजे सहा रुपये चार आणे. पंधराचा मास्क लावल्याबरोबर पहारेकरी आण्यांकडे पाहायचेच सोडून देतो. त्याला दिसतात फक्त सहा रुपये. मग सहा रुपये शून्य आण्यांपासून सहा रुपये पंधरा आण्यांपर्यंत, म्हणजे ९६ पासून १११ पर्यंत, सर्वांना प्रवेश मिळतो. ९६ ते ९९ हे चार संगणक बाहेरच्या दालनात कोणीही वापरावेत म्हणून ठेवलेले असले, तर रुग्णांची खासगी माहिती तिथे उघडी पडली. आणि ११२ ते ११५, म्हणजे सात रुपये आणि वर काही आणे, हे चार डॉक्टर बाहेरच राहिले. त्यांतला एक संगणक अतिदक्षता विभागातला असेल आणि मध्यरात्री एखाद्या रुग्णाला कोणते औषध चालत नाही हे पाहायचे असेल, तर काय प्रसंग येईल याची कल्पना वाचकांनीच करावी.

वाईट असे, की ही चूक ओरडून सांगत नाही. बारा डॉक्टरांचे काम सुरळीत चालते. यंत्र तक्रार करीत नाही. बाहेर राहिलेले चौघे निदान तक्रार तरी करतील. पण जे चौघे अकारण आत आले, ते कशाला बोलतील?

योग्य रीत अशी, की सोळांचे तीन तुकडे करायचे. १०० ते १०३ या चारांसाठी मास्कचा शेवटचा आकडा ३. १०४ ते १११ या आठांसाठी ७. आणि ११२ ते ११५ या चारांसाठी पुन्हा ३. एका ओळीऐवजी तीन ओळी झाल्या, पण हिशेब पै न पै जुळला. लक्षात ठेवायचे ते इतकेच: चारांचा गट चाराच्या पाढ्यातील आकड्यापासून सुरू झाला पाहिजे, आठांचा आठाच्या आणि सोळांचा सोळाच्या. १०० हा आकडा सोळाच्या पाढ्यात येत नाही. सारा घोटाळा तिथेच आहे.

उलटा मुखवटा

याहून मोठी चूक आणखी सोप्या कारणाने होते. जाळे आखताना वापरायचा एक दुसरा मास्क आहे, सबनेट मास्क. त्याची भाषा नेमकी उलटी. त्यात १ म्हणजे 'हे घर जाळ्याच्या नावाचे' आणि ० म्हणजे 'हे घर मोकळे'. २५६ पत्त्यांच्या आपल्या चाळीचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असा लिहितात, आणि वाइल्डकार्ड मास्क ०.०.०.२५५ असा. एकावरून दुसरा काढणे अगदी सोपे: प्रत्येक आकडा २५५ मधून वजा करायचा. २५५ चे ०, ० चे २५५, २४० चे १५.

मात्र एकच माणूस दिवसभरात दोन्ही लिहीत असतो. शिवाय त्याच सिस्को कंपनीच्या फायरवॉल यंत्रांत याद्यांनाही सुलटाच मास्क लागतो. मग सवयीने हात चुकतो आणि पहारेकऱ्याच्या यादीत लिहिले जाते: परमिट १९२.१६८.१.० २५५.२५५.२५५.०. पहारेकरी आज्ञाधारक आहे. तो हे निमूटपणे वाचतो. पहिल्या तीन आकड्यांत सगळे जोकर, चौथ्यात एकही नाही. म्हणजे ज्याच्या पत्त्याच्या शेवटी ० आहे, असा जगातला कोणीही यावा, आणि बाकी सर्वांना मज्जाव! घरची माणसे उंबऱ्याबाहेर आणि १,६७,७७,२१६ परक्या पत्त्यांना मुक्तद्वार. एका उलट्या मुखवट्याने यजमान आणि पाहुणे यांची अदलाबदल झाली.

शनिवार, २५ जानेवारी २००३

या पहारेकऱ्यांचे मोल कळले असा एक दिवस सांगण्यासारखा आहे. २५ जानेवारी २००३, शनिवार. भारतात सकाळचे सुमारे अकरा वाजले होते. त्या वेळी इंटरनेटवर एक उपद्रवी प्रोग्रॅम सुटला. त्याला पुढे 'स्लॅमर' हे नाव पडले. त्याचा आकार अवघा ३७६ बाइट. आपल्या पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या माहितीसाठा ठेवणाऱ्या एका प्रोग्रॅममधील फटीतून तो आत शिरे आणि शिरल्याबरोबर स्वतःच्या प्रती काढून वाटेल त्या पत्त्यांवर पाठवू लागे. ती फट बुजवण्याचे साधन कंपनीने जुलै २००२ मध्येच दिले होते. पण सहा महिने उलटले, तरी हजारो ठिकाणी ते बसवलेले नव्हते.

सुरुवातीला बाधित यंत्रांची संख्या दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होती. दहा मिनिटांत, ज्यांना ही बाधा होऊ शकत होती त्यांपैकी सुमारे ९० टक्के यंत्रे बाधित झाली. एकूण किमान ७५,०००. दक्षिण कोरियातील इंटरनेट कोलमडले. बँक ऑफ अमेरिकेच्या १३,००० एटीएम यंत्रांपैकी बहुतेकांतून ग्राहकांना पैसे काढता येईनात. सिॲटल शहराजवळ पोलिसांना आणि अग्निशामक दलांना वर्दी देणाऱ्या एका केंद्रात संगणक अडखळले आणि कर्मचाऱ्यांनी कागद-पेन्सिल हाती घेतली.

ही लाट अडवली कशी? तिथे राउटरांच्या याद्या कामी आल्या. प्रत्येक पाकिटावर पत्त्याखेरीज एक दरवाजाक्रमांकही असतो. त्याला पोर्ट म्हणतात. स्लॅमर नेहमी १४३४ क्रमांकाच्याच दारावर येई. मात्र तो कोणाकडूनही येत होता आणि कोणाकडेही जात होता, त्यामुळे पत्ते पाहून काही उपयोग नव्हता. तेव्हा जगभरच्या जाळ्यांवरील अभियंत्यांनी आपापल्या यादीत एक नकाराची ओळ घातली: पाठवणारा कोणीही असो, घेणारा कोणीही असो, १४३४ क्रमांकाच्या दाराचे पाकीट असेल तर ते टाकून द्या. दोन्ही पत्त्यांच्या बत्तीसच्या बत्तीस घरांत जोकर, आणि सगळी नजर एका दारावर. काही तासांत लाट ओसरली.

त्याच दिवसांतली एक गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात डेव्हिस-बेसी नावाचे अणुवीजकेंद्र आहे. स्लॅमर तिथेही शिरला, आणि अणुभट्टीची सुरक्षेची स्थिती दाखवणारा संगणकीय फलक जवळजवळ पाच तास बंद पडला. सुदैवाने भट्टी त्या काळात दुरुस्तीसाठी आधीच थांबवलेली होती, आणि जुन्या धर्तीचे राखीव काटे चालू होते. पण त्या केंद्राच्या मुख्य दारावर पहारेकरी नव्हता असे नाही. तो होता, आणि १४३४ क्रमांकाचे दार त्याने बंदच ठेवले होते. स्लॅमर आला तो एका ठेकेदाराच्या जाळ्यातून. ते जाळे पहाऱ्याला वळसा घालून एका स्वतंत्र तारेने आत जोडलेले होते. समोर बिनचूक यादी घेतलेला पहारेकरी उभा, आणि मागचे दार उघडे!

आपल्या दारापुरते

घरातल्या राउटरमध्ये अशा याद्या लिहीत बसण्याची वेळ बहुधा आपल्यावर येणार नाही. कंपनीने बसवून दिलेली व्यवस्था सामान्यतः बाहेरून आलेल्या अनाहूत पाकिटाला आत घेतच नाही. परंतु मागची दारे आपल्याही घरात असतात. २०१६ साली 'मिराय' नावाच्या प्रोग्रॅमने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले. त्यासाठी त्याने काही जादू केली नाही. कारखान्यातून येतानाच दिलेली सुमारे ६० नावे आणि पासवर्ड तो एकामागून एक लावून पाहत असे. त्या यंत्रांच्या मदतीने झालेल्या हल्ल्यात २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मोठमोठी ठिकाणे अमेरिकेत कित्येक तास उघडेनात. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना आपल्या घरातून काय चालले आहे याची दादही नव्हती.

तेव्हा घरच्या कर्त्या माणसांनी, आणि त्यात गृहिणी आल्याच, चार गोष्टी कराव्यात. राउटरचा आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातला पासवर्ड बदलावा. वायफायचा पासवर्ड हा वेगळा आणि राउटरच्या व्यवस्थेचा वेगळा, हे ध्यानात ठेवावे. कंपनीकडून सुधारणा आली की ती 'उद्या बघू' म्हणून टाळू नये. स्लॅमरच्या वेळी सहा महिने हेच घडले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी राउटरमध्ये पाहुण्यांचे वेगळे जाळे करण्याची सोय असेल, तर ती वापरावी. आणि दुकानदाराने "बाहेरगावाहून कॅमेरा पाहता येईल, एक पोर्ट तेवढे उघडून देतो" असे म्हटले, तर त्या दारावर कोण बसणार, हे त्याला आधी विचारावे.

मोठ्या पहारेकऱ्यांच्या याद्या लिहिणारी मुले-मुली आज पुण्यात, हिंजवडीत, ठाण्यात आपल्याच घरांतून सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात. 'आमचा मुलगा नेटवर्किंगमध्ये आहे' असे आई कौतुकाने सांगते, पण तो दिवसभर करतो तरी काय, हे तिला नीट सांगता येत नाही. ते आता सांगता येईल. कोणत्या घरी डोळे उघडे ठेवायचे आणि कोणत्या घरी जोकर ठेवायचा, हे तो ठरवतो. एक जोकर वाढला की आत येऊ शकणारांची संख्या दुप्पट होते. रमीत जोकर हाती आला की आनंद होतो. पण दारावरच्या यादीत तो मोजूनच ठेवावा लागतो. आणि तो मोजणाराला रात्री कधीकधी घरी यायला उशीर होतो, तो यासाठीच.